चार क्विंटल हळदीचा पीसी

औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, २,६०० कोटी रुपयांचा खर्च, आणि काम काय, तर कोट्यवधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली त्याचा हेलकावा पकडायचा. हा हेलकावा प्रोटॉनच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाइतका. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्याला अंतिम मंजुरी दिली. याच हिंगोली जिल्ह्यात, जवळपास तेवढ्याच काटेकोरपणे, दुसरं एक मोजमाप रोज रात्री चालू असतं. वसमतच्या, कळमनुरीच्या नाहीतर सेनगावच्या एखाद्या पत्र्याच्या खोलीत अकरावीतलं पोरगं मोबाइलवर दोन आलेख शेजारी शेजारी ठेवून बसलेलं असतं. एका प्रोसेसरवर गेम सेकंदाला ५८ चित्रं दाखवतो, दुसऱ्यावर ६०. म्हणजे एका चित्रामागे फरक अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास. किमतीतला फरक दोन-अडीच हजारांचा. अर्ध्या मिलिसेकंदासाठी एवढे पैसे घालावेत का, या विचारात त्याची रात्र सरते. कॉम्प्युटर अजून घरात आलेला नसतो. मंजुरीही आलेली नसते.

मंजुरीचा प्रस्ताव ‘गेम खेळायचाय’ या शब्दांत कोणत्याच घरात दाखल होत नाही. तो ‘पप्पा, कोडिंग शिकायचंय’ असा येतो. त्याला पुरवणी म्हणून एमएस-सीआयटी, ऑनलाइन क्लास, बहिणीचे सीईटीचे फॉर्म आणि ‘नांदेडला खोली करून राहण्यापेक्षा हे स्वस्तात पडतं’ हे मुद्दे जोडलेले असतात. कोडिंगला आठ जीबीचं ग्राफिक्स कार्ड कशाला लागतं, हे पप्पांना कळणार नाही अशी पोराची खात्री असते. पप्पांना कोडिंग कळत नाही हे खरंच. पोरगं मात्र त्यांना सोळा-सतरा वर्षांपासून कळतं. म्हणून ते एवढंच विचारतात, “किती क्विंटल?”

हा प्रश्न इथे अगदी रीतसर आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात काय भाव निघाला यावर जिल्ह्यातली लग्नं, बोअर आणि मोटारसायकली ठरतात. क्विंटलला साडेबारा हजारांचा भाव धरला तर पन्नास हजारांचं मशीन म्हणजे चार क्विंटल हळद. तेच सोयाबीनमध्ये मोजलं तर २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने साडेनऊ क्विंटलच्या घरात जातं, तेही हमीभाव प्रत्यक्ष हातात पडला असं समजून. त्यामुळे हुशार पोरगं कायम हळदीतच बोलतं. आकडा लहान दिसतो.

मंजुरीची कुणकुण लागली की यादी तयार होते. ती दोन प्रतींत असते. मित्रांच्या प्रतीत प्रत्येक भागाचं पूर्ण नाव, मॉडेल आणि ‘यात जीटीए फाइव्ह हायवर चालतो’ असा शेरा. घरच्या प्रतीत ग्राफिक्स कार्डाच्या जागी ‘डिस्प्लेचं सामान’ आणि लाइटवाल्या पंख्यांच्या जागी ‘इतर’.

यादीची पहिली ओळ प्रोसेसरची, आणि पहिला चकवाही तिथेच. जिल्ह्याच्या गावी एखाद्या कंपनीच्या ऑफिसातून निघालेला जुना डबा दुकानात ठेवलेला असतो. दुकानदार त्याच्यावर हात ठेवून म्हणतो, “आय सेव्हन आहे दादा, आय सेव्हन! पुढं काही विचारूच नका.” पुढचंच तर विचारायचं असतं, ते म्हणजे कितव्या पिढीचा. इंटेलचा आय७-२६०० हा २०११ च्या जानेवारीतला. चार कोअर, आठ थ्रेड, त्या काळी राजेशाही थाट. २०२२ च्या जानेवारीत आलेल्या साध्या आय३-१२१००एफ मध्येही चार कोअर आणि आठ थ्रेडच आहेत, पण वेगात तो त्या जुन्या आय सेव्हनला सहज मागे टाकतो. सात हा आकडा तीनपेक्षा मोठा असतो हे पहिलीत शिकवतात. ते प्रोसेसरला लागू नाही, हे दुकानात पैसे दिल्यावर कळतं. त्यात विंडोज ११ ला अधिकृतपणे आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल प्रोसेसर चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे हा राजा गादीवर बसतो तोच निवृत्त होऊन.

दुसरा चकवा त्या शेवटच्या ‘एफ’चा. इंटेलच्या नावात शेवटी एफ असला की त्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं. म्हणून तो थोडा स्वस्त. पोरगं विचार करतं, आत्ता १२१००एफ घेऊ, कार्ड पुढच्या हंगामाला. मशीन जोडलं जातं. पंखे फिरतात, लाल-निळे दिवे लागतात, स्क्रीन मात्र काळीच. कार्ड येईपर्यंत ती काळीच राहणार असते, कारण चित्र काढणारा कोणी आतमध्ये नसतोच. आजी पाच मिनिटं कौतुकाने बघते आणि विचारते, “नुस्ते दिवेच लागतेत का रे ह्याच्यात?”

हप्त्याहप्त्याने जुळवणाऱ्यांसाठी एएमडीने २०२१ च्या ऑगस्टमध्ये रायझेन ५ ५६००जी बाजारात आणला. सहा कोअर, बारा थ्रेड आणि पोटातच व्हेगा ग्राफिक्स. कार्ड नसतानाही व्हॅलोरंट आणि काउंटर स्ट्राइक २ हे गेम सेटिंग खाली ओढून नीट चालतात. म्हणजे यंदाच्या हळदीवर प्रोसेसर, पुढच्या हळदीवर कार्ड. शेतकऱ्याच्या घराला पटणारी यापेक्षा सोयीची मांडणी दुसरी नाही. अट एकच. या प्रोसेसरला स्वतःची ग्राफिक्स मेमरी नसल्याने तो रॅममधूनच उसनवारी करतो. त्यामुळे रॅमची एकच १६ जीबीची काडी लावण्यापेक्षा आठ-आठच्या दोन लावल्या, की दोन मार्गांनी माल येतो आणि गेममध्ये चित्रांची संख्या डोळ्यांना दिसेल इतकी वाढते. दुकानदार मात्र एकाच काडीवर अडून बसतो. “एक घ्या, पुढं वाढवता येतंय.” त्याच्याकडे एकच शिल्लक असते.

आणि रॅमवरूनच हिंगोलीच्या पोराचा जगाच्या राजकारणाशी थेट संबंध आला. २०२४ मध्ये तीन हजारांच्या आसपास मिळणारी १६ जीबी डीडीआर४ ची जोडी २०२५ च्या शेवटाकडे दुपटीच्याही पुढे सरकली. जगभर एआयची डेटा सेंटरं उभी राहायला लागली, त्यांना मेमरी हवी, आणि जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. त्यांनी आपला माल मोठ्या गिऱ्हाइकाकडे वळवला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये, किरकोळ गिऱ्हाइकाला विकला जाणारा आपला क्रुशियल हा छापच बंद करत असल्याचं जाहीर केलं. पोराने हे सगळं पप्पांना समजावायला घेतलं, तर त्याला फार शब्द खर्चावे लागत नाहीत. तीन मोठे व्यापारी, माल गोदामात, भाव भलतीकडेच कोणीतरी ठरवतो आणि बाजारात उभ्या माणसाला शेवटी कळतं. निजामाबाद केंद्र धरून हळदीचे वायदे चालतात ते पाहिलेल्या माणसाला एवढं पुरतं. “मंग थांबायचं का घ्यायचं?” एवढाच त्यांचा प्रश्न असतो, आणि तो प्रश्न हळदीच्या बाबतीतही त्यांना कधी सुटलेला नसतो.

ग्राफिक्स कार्ड ही यादीतली सर्वांत मोठी रक्कम आणि सर्वांत मोठी अंधश्रद्धा. अंधश्रद्धा अशी, की कार्ड जीबीवर तोलायचं. ‘चार जीबीचं कार्ड आहे’ असं म्हटलं की पुढचं बोलणं खुंटतं. पण २०१४ च्या जीटी ७३० लाही चार जीबी मिळायचे, तेही मंद डीडीआर३ चे. आणि २०१९ च्या जीटीएक्स १६५० लाही चारच जीबी आहेत. पहिल्यावर लग्नाचा व्हिडिओ बघावा, दुसऱ्यावर जीटीए फाइव्ह खेळावा. जीटीएक्स १६५० चं मोठेपण वेगळंच : ७५ वॅटमध्ये भागतं, त्यामुळे त्याच्या बऱ्याच मॉडेलना वीज पुरवणाऱ्या डब्यातून, म्हणजे एसएमपीएसमधून, वेगळी वायर लागत नाही. त्याच्या पुढची पायरी म्हणजे २०२१ च्या ऑक्टोबरात आलेलं एएमडीचं आरएक्स ६६००. आठ जीबी, १३२ वॅट, आणि फुल एचडीवर बहुतेक गेम सुरळीत. वर्षानुवर्षं ‘पहिलं कार्ड कोणतं’ या प्रश्नाला मिळणारं हे ठरलेलं उत्तर.

कार्डाचा जुना बाजार हा स्वतंत्र प्रकार आहे. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या चलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर ते खणून काढण्याचा धंदा एका दिवसात बसला. जगभरच्या शेडांमध्ये रात्रंदिवस तापलेली कार्डं मग जुन्या बाजारात उतरली. ती विकणारा प्रत्येक जण सांगतो, “घरगुती वापर, भाऊ. एकच हात.” कार्डाच्या पंख्याची पाती हलवून बघितली की हात किती होते ते कळतं. त्यातच आरएक्स ५८० या नावाखाली ‘२०४८एसपी’ ही चिनी बाजारासाठी निघालेली आवृत्ती फिरते. मूळ ५८० मध्ये २,३०४ कोअर, हिच्यात २,०४८. नाव तेच, खोका तसाच; उरलेले २५६ कोअर पोरगं रात्री मोजत बसतं.

आता एसएमपीएस. सगळ्या यादीत हा एकच भाग असा, की ज्याबद्दल पोराला काही वाटत नाही आणि पप्पांना सगळं कळतं. पोराने पन्नास हजारांची वाटणी केलेली असते ती अशी : कार्डाला वीस-बावीस, प्रोसेसरला आठ-दहा, मग बोर्ड, रॅम, एसएसडी, मॉनिटर; आणि अगदी तळाशी ‘एसएमपीएस – कॅबिनेटसोबत फ्री’. पप्पांचं बोट बरोबर त्या ओळीवर येऊन थांबतं.

“हे काय हाय?”

“काही नाही पप्पा, करंट देतंय ते सगळ्याला.”

“आन् तेच फुकटचं घेतलं व्हय?”

इथून पुढे यादीचा ताबा पप्पांकडे जातो. पाच अश्वशक्तीची पाणबुडी मोटर बसवताना शेतकरी आधी मोटरचा छाप बघत नाही. केबल किती जाडीची, स्टार्टर कोणता, कपॅसिटर कितीचा आणि डीपीवर आणखी किती मोटरी चालतात हे बघतो. कारण व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते, वाइंडिंग तापतं आणि मोटर जळते. मोटर वर काढायची, तालुक्याला न्यायची, भरून आणायची आणि तोवर उभं पीक वाळताना बघायचं. हे एकदा झालेल्या माणसाला ‘फ्री’ या शब्दाची भीती वाटते. आणि त्याचं बरोबर असतं. त्या फुकटच्या डब्यावर ४५० वॅट असं ठळक छापलेलं असतं, पण खाली बारीक अक्षरात १२ व्होल्टच्या रांगेत १८ अँपिअर लिहिलेले असले, तर बारा गुणिले अठरा म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही खातात ते या १२ व्होल्टमधूनच. उरलेले वॅट छपाईत गेलेले असतात. म्हणून ‘एटी प्लस’ हा शिक्का बघायचा. २००४ पासून चालत आलेला हा दाखला सांगतो, की भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज हा डबा मशीनला पोचवतो. चांगल्या एसएमपीएसला १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही चालतं. संध्याकाळी गावात सगळ्यांचे दिवे मंदावले, तरी तो तग धरतो.

स्वस्तातल्या डब्यांना मागच्या बाजूला एक लाल बटण असतं. त्यावर ११५ आणि २३० असे दोन आकडे. ते बटण २३० वरच राहू द्यायचं असतं. पण पहिल्यांदा मशीन जोडणाऱ्या चार मित्रांमध्ये एक असा असतोच, की ज्याला कोणतंही बटण दिसलं की दाबून बघायचं असतं. ११५ वर करून प्लग लावला की जो आवाज होतो, त्यानंतर गल्लीतली बायामाणसं बाहेर येतात.

पप्पांची पुढची अट अर्थिंगची. “अर्थिंग केल्याबिगर एक रुपया मिळायचा नाही.” पोराला वाटतं हा मंजुरी लांबवायचा डाव आहे. तो डाव नसतो. अर्थिंग नसलेल्या घरात कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, कारण एसएमपीएसच्या आतल्या गाळणीतून थोडी वीज पत्र्यावर येते आणि तिला जमिनीत जायला वाट नसते. मग अंगणात खड्डा खणला जातो, त्यात कोळसा, मीठ आणि पट्टी. चार क्विंटल हळदीच्या मशीनसाठी पहिलं काम कुदळीचं निघतं, आणि ते पोराच्याच वाट्याला येतं. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतायचं हेही त्याच्याकडेच. कॉम्प्युटरला पाणी घालणारा मुलगा म्हणून तो गल्लीत प्रसिद्ध होतो.

यूपीएसचं प्रकरण वेगळं. दुकानात मिळणारा साधा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटच्या आसपास भार घेतो. आत १२ व्होल्टची, सात अँपिअर-अवरची छोटी बॅटरी. कार्ड पूर्ण जोरात असताना वीज गेली तर चार-पाच मिनिटं, तीही ओरडत ओरडत. तेवढ्यात गेम बंद करून मशीन नीट बंद करायचं असतं. पोरगं मात्र ती चार मिनिटं शत्रूला मारण्यात घालवतं आणि मग सगळं एकदमच विझतं.

कॅबिनेट निवडताना पुन्हा दोन विचार समोरासमोर येतात. बाजारात दिसायला देखणी ती समोरून काचेची. सहा लाइटवाले पंखे, समोर अख्खी काच, आणि काचेतून हवा आत जात नाही. हिंगोलीचा मे महिना चाळिशीच्या पुढचा. हवेवर चालणारा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. पत्र्याखाली दुपारी खोलीच ४२ अंशांवर असेल, तर मोजायला सुरुवात तिथूनच होते. रायझेन ५६००जी ९५ अंशांपर्यंत सोसतो आणि मग स्वतःचा वेग आवरता घेतो. म्हणजे दुपारच्या वेळी हा प्रोसेसर गावाचाच रिवाज पाळतो. पोरगं मग घरातला खसाचा कूलर मशीनकडे वळवतं. “माणसं उबून मरायलीत आन् डब्ब्याला वारं!” असं म्हणत आई तो परत फिरवते. कॅबिनेटला ओली हवा मारायची नसते हे आईला माहीत नसतं, पण निकाल बरोबर लागतो. जाळीच्या तोंडाचं, दिसायला साधं कॅबिनेट या जिल्ह्यात जास्त टिकतं.

जाळीचाही एक तोटा असतोच. फेब्रुवारी-मार्चपासून हळद शिजते, वाळते, मग ड्रममध्ये घालून पॉलिश होते. ज्या घराच्या मागे पॉलिशचा ड्रम फिरतो, तिथे कॅबिनेटची जाळी महिन्याभरात पिवळी पडते. परदेशातले सल्लागार सहा महिन्यांनी धूळ साफ करा म्हणतात. त्यांच्या मागे ड्रम फिरत नसतो. शिवाय पाल. मागच्या बाजूची रिकामी पट्टी उघडी राहिली, की उबेला आत शिरणारी पहिली पाल बोर्डावर आडवी होऊन सगळा हिशेब संपवते. तिच्यासाठी वॉरंटीत कलम नाही.

खरेदी कुठे करायची यावर जिल्ह्यात तीन पंथ आहेत. पहिला गावातल्या दुकानाचा. या दुकानाचं पोट भरतं ते झेरॉक्स, सीसीटीव्ही आणि रानडुकरांसाठीच्या झटका मशीनवर. गेमिंग पीसी हा त्याच्यासाठी वर्षातून एखाद-दोनदा येणारा सण. भाव थोडा जास्त, पण मशीन बंद पडलं तर स्कूटरवर डबा ठेवून जाता येतं आणि शिव्या प्रत्यक्ष देता येतात. दुसरा पंथ रेल्वेचा. अकोला–पूर्णा मार्ग २००८ मध्ये रुंद झाला, आणि काचीगुडा–नरखेड इंटरसिटी हिंगोलीवरून हैदराबादकडे जाते. सिकंदराबादच्या पार्क लेनवर चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये मजल्यामागून मजले फक्त कॉम्प्युटरच्या सामानाचे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता; मोठ्या खरेदीला हैदराबादकडे बघायची जुनी सवय अशी कामाला येते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड लांब पडतो, आणि तिथे मामा नसतो. सिकंदराबादलाही नसतो, पण येताना बिर्याणी असते. तिसरा पंथ ऑनलाइन मागवणाऱ्यांचा. यात माल स्वस्त, पण ४३१ ने सुरू होणारा पिनकोड टाकला की तारीख पुढे सरकते, आणि मग कुरिअरवाला गावात न येता फाट्यावरूनच फोन करतो.

पंथ कोणताही असो, बिलापाशी सगळे एक होतात. सामानावर १८ टक्के जीएसटी. “बिल पाहिजे का बिनाबिल?” हा प्रश्न दुकानदार हळू आवाजात विचारतो. बिनाबिल घेतलेल्या कार्डाची तीन वर्षांची वॉरंटी त्याच आवाजात तिथेच संपते.

जोडणीचा दिवस सहसा रविवारचा. चार मित्र, एक स्क्रू ड्रायव्हर आणि मोबाइलवर हिंदीतला व्हिडिओ. ५६००जीसारख्या एएम४ प्रोसेसरच्या पोटाला १,३३१ बारीक पिना असतात. तो हातातून पडला तर त्या सरळ करायला बहिणीची सुई लागते. कूलरच्या तळाचं प्लॅस्टिक काढायचं राहतं. रॅम अर्धीच बसते. पॉवर बटणाच्या दोन वायरी कुठे लावायच्या यावर अर्धा तास वाद होतो. आणि शेवटी सगळं सुरू झाल्यावर, वीस-बावीस हजारांचं कार्ड बसवलेलं असूनही मॉनिटरची वायर मात्र मदरबोर्डाच्या भोकात जाते. ५६००जी असेल तर चित्र दिसतंही. पोरगं दोन दिवस ‘कार्ड म्हणावं तसं चालत नाही’ असं म्हणत फिरतं. तिसऱ्या दिवशी कोणीतरी मागे वाकून वायर खालच्या भोकात लावतो. मग पुढचे दोन दिवस तोच ‘इंजिनिअर’.

गेम येतो तो आणखी सावकाश. जीटीए फाइव्ह आता शंभर जीबीच्या घरात आहे. मोबाइलचा पॅक रोज दीड जीबीचा. भागाकार केला तर ६७ दिवस, तेही घरात कोणी रील बघितली नाही तर. म्हणून पहिला महिना चालतो तो २००४ चा जीटीए सॅन अँड्रियाज, पेनड्राइव्हवरून आलेला, ज्याला या मशीनमधल्या निम्म्या सामानाचीही गरज नसते. आणि ज्याच्यासाठी मुळात ही सगळी जुळवाजुळव असं मित्रांना सांगितलेलं असतं, त्या जीटीए सिक्सची रॉकस्टारने जाहीर केलेली १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सपुरती आहे. पीसीचं त्यात नावही नाही. जीटीए फाइव्हच्या वेळीही पीसीवाल्यांना सप्टेंबर २०१३ पासून एप्रिल २०१५ पर्यंत ताटकळावं लागलं होतं. म्हणजे हळदीचे आणखी एक-दोन हंगाम सहज.

तोवर मशीन रिकामं राहत नाही. सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या मॉनिटरवर सातबारा उघडतो, आणि तो इतका स्पष्ट दिसतो की चुलत्यांचं नाव कुठून आलं यावर नव्याने चर्चा सुरू होते. पीक विम्याचे फॉर्म भरले जातात, लाडकी बहीणची ई-केवायसी करायला गल्लीतल्या बाया आधार कार्ड घेऊन येतात. लाइटवाला कीबोर्ड बघून एकीने विचारलंही, की ह्याचे वेगळे पैसे हायेत का. पोराची पाळी रात्री दहानंतर. तेव्हा पप्पा खाटेवरून आवाज देतात, “व्होल्टेज बघ रे किती हाय ते.”

वर्षभरात सेनगावच्या आत्याच्या पोरालाही कोडिंग शिकायची ओढ लागते. तो यादी मागतो. हा आता अनुभवी माणूस. वहीच्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहून देतो. पहिली ओळ अर्थिंग. दुसरी ओळ चांगल्या कंपनीचा एसएमपीएस, खाली दोन रेघा मारून. तिसरी जाळीचं कॅबिनेट. मग प्रोसेसर, दोन काड्यांची रॅम आणि सर्वांत शेवटी कार्ड. आत्याचं पोरगं पानाचा फोटो काढून घेतं, ‘हो भाऊ’ म्हणतं. रात्री दुरुस्त केलेली यादी व्हॉट्सॲपवर परत येते. अर्थिंग खोडलेलं, एसएमपीएसपुढे ‘फ्री मिळतोय’, जाळीच्या जागी काच, खाली सहा लाइटवाले पंखे वाढवलेले, आणि शेवटी एकच प्रश्न : “भाऊ, ह्याच्यावर जीटीए सिक्स चालंल ना?”